दोन थरांमधला गेरू

बोअरची गाडी ऐन दुपारी आली. दादाच्या शेतातल्या विहिरीने उन्हाळ्यात तळ दाखवला होता, पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली होती, आणि गाडीवाल्यांची आजची तारीख मिळाली म्हणून घरात जवळपास सणाचं वातावरण होतं. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि ओसरीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या तळपायांना एक बारीक, सलग थरथर जाणवायला लागली. तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र किणकिणायला लागलं. पोरांना गंमत वाटली, ती जमिनीला कान लावून पडली. आत्या मात्र उठली. कुणाला काही बोलली नाही, पदर खोचला आणि अनवाणीच अंगण ओलांडून थेट वावरात गेली. घरापासून लांब, जिथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नाही अशा जागी जाऊन उभी राहिली. गाडीवरच्या पोराने हाक मारली, "मावशी, भिऊ नका, खाली समदा पाषाण हाय. हालायचा न्हाई." आत्याने मान डोलावली. पण मशीन बंद होईपर्यंत ती घराकडे फिरकली नाही.

आत्या किल्लारीच्या शेजारच्या गावची. तिच्या अनवाणी जाण्याचं कारण मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

माझ्या मनात अडकून राहिलं ते त्या पोराचं वाक्य. किती सहज म्हणाला तो, आणि किती विश्वासाने! आपण सगळेच हे म्हणत आलो आहोत. हा देश दगडाचा, काळ्या कातळाचा, इथली जमीन भक्कम. आणि त्याच वेळी त्याच्याच मशीनमधून उडणारी भुकटी त्या कातळाची वेगळी हकिगत सांगत होती. आधी काळी माती आली, मग पिवळट मुरूम, मग करड्या-काळ्या पिठासारखी बारीक पाषाणाची भुकटी. बराच वेळ तीच. मग एकाएकी धूळ विटकरी झाली. पोरांचे केस, कडेच्या तुरीची पानं, बोअरवाल्यांच्या भुवया, सगळं लाल. "गेरू लागला," म्हणत त्याने तोंड वाकडं केलं, कारण गेरू ढासळतो, बोअर बुजवतो, केसिंग जास्त लागतं. गेरूखाली मांजऱ्या लागला, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. आणि पुन्हा काळा पाषाण. मी त्या ढिगातून मांजऱ्याची एक चिप उचलली. तिच्यातल्या बारीक पोकळ्या पांढऱ्या, किंचित गुलाबी स्फटिकांनी भरलेल्या होत्या. नखाने टोकरलं तर एक कण सुटून बोटाला चिकटला आणि उन्हात चमकला.

त्या पोकळ्या म्हणजे वायूचे बुडबुडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला, थंड होता होता त्यातला वायू वर चढला आणि निसटायच्या आत वरचा लाव्हा घट्ट झाला. पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्याने आपल्याबरोबर आणलेली खनिजं त्या रिकाम्या घरांमध्ये वस्तीला आली. जगभरचे संग्राहक आपल्या पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींमधले झिओलाइट आणि अपोफिलाइट काचेच्या कपाटात ठेवतात, ते याच पोकळ्यांमध्ये वाढलेले असतात. दख्खनचा लाव्हा एखाद्या शंकूच्या आकाराच्या डोंगरातून कारंज्यासारखा उडाला, असं चित्र शाळेत माझ्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. प्रत्यक्षात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा त्यातून बाहेर येऊन मैलोन्‌मैल पसरला. थरावर थर, शेकडो थर. आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. मूळचं याहून कितीतरी मोठं होतं. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि पूर्वेकडे, मराठवाड्यात, ती विरळ होत जाते. ताम्हिणी किंवा माळशेज उतरताना समोरच्या कड्यावर जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. गडांचे ताशीव कडे, वेरूळचं कैलास, अजिंठ्याची लेणी, अंधेरीत इमारतींच्या गर्दीत उभी असलेली गिल्बर्ट टेकडी, सगळं त्या एकाच आगीतून आलेलं.

मला मात्र गेरूचं जास्त अप्रूप वाटतं. लाव्हाचा एक थर वाहून गेला, निवला, आणि मग काहीच झालं नाही. पाऊस पडत राहिला. खडक झिजला, त्याची माती झाली, माती लोखंडाने लाल झाली. मग पुढचा लाव्हा आला, त्याने ती माती भाजली आणि स्वतःखाली गाडली. घाटाच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये हातभर जाडीची लाल पट्टी दिसते, ती म्हणजे अशी एक उसंत. कुठे ही उसंत इतकी लांबली की तळी साचली, झाडं वाढली, प्राणी राहायला आले. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात, एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म सापडले. अगदी लहान बेडूक, हाडन्‌हाड ओळखू येईल असे. त्यांच्या तळ्याखाली लाव्हा होता आणि पुढे वरही लाव्हा आला. त्या बेडकांच्या कितीतरी पिढ्यांनी जमीन शांत असलेलीच पाहिली असणार. त्यांच्यापुरती ती खरोखरच शांत होती.

उसंत किती लांबेल, हे आतल्यांना कळत नाही.

हा लाव्हा आला कुठून, याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उत्तर मला फार आवडतं, जरी भूशास्त्रज्ञांमध्ये त्यावर अजून वाद आहेत. आपला भूखंड तेव्हा इथे नव्हताच. गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटून, मादागास्करला मागे टाकून तो उत्तरेकडे निघाला होता, आणि वाटेत पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला. ती जागा तिथेच राहिली, भूखंड पुढे सरकत गेला. तिच्या खुणा समुद्रात एका ओळीत उरल्या आहेत. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेट. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. त्याच्या लाव्हाची चित्रफीत पाहताना मी दर वेळी थांबते. काळ्या पडत चाललेल्या सायीखालून लाल ओघळ सरकतो, पुढे जाऊन वळतो, थबकतो. सह्याद्रीचा एकेक थर असाच कधीतरी थबकला असेल. आपल्या डोंगरांचं आजोळ मॉरिशसच्याही पलीकडे आहे आणि तिथली चूल अजून विझलेली नाही, हे कळल्यापासून नकाशातला तो ठिपका मला परका वाटत नाही.

भूखंड मात्र थांबला नाही. एके काळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरहूनही जास्त वेगाने चाललेला तो आशियाला जाऊन भिडला, मंदावला, आणि तरीही आज वर्षाला पाचेक सेंटिमीटर पुढे रेटतोच आहे. हिमालय त्या रेट्याने उचलला गेला, हे आपल्याला पाठ आहे. पण रेटा फक्त हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन थांबतो असं थोडंच आहे? समोरून आशिया अडवतो, मागून हिंदी महासागराचा तळ ढकलतो, आणि मधला सगळा द्वीपकल्प या दोन्हींच्या मध्ये चेपला जातो. त्यात कुठेतरी, लाव्हाच्याही खाली, जुना, कधीकाळी तुटून पुन्हा सांधलेला खडक असतो. त्या सांध्यावर ताण साठत जातो. किती वर्षं? शेकडो, हजारो, कदाचित त्याहून जास्त. वर कुणाला काही कळत नाही. वर ज्वारी पिकते, जत्रा भरते, गढी बांधली जाते, ढासळते, तिच्या मातीवर नवं घर उभं राहतं.

१९९३ नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत सहाशे मीटरहून खोल छिद्र घेतलं. तिथे लाव्हाचे सगळे थर मिळून जेमतेम ३४० मीटर भरले. त्याखाली थोडा गाळ, आणि मग लाव्हापेक्षा कितीतरी पटींनी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. ज्याच्या जिवावर आपण जमिनीला भक्कम म्हणतो तो काळा पाषाण म्हणजे भाकरीवरचा पापुद्रा. हालचाल झाली ती पापुद्र्याच्या पुष्कळ खाली, काही किलोमीटर खोल. तरीही भूकंपाच्या हिशेबात ते फार वरचं होतं, म्हणून हादरा इतका जबर बसला. किल्लारीजवळच्या शेतांमधून जमीन फाटून एका बाजूने वर उचलली गेली होती. बोअरवाल्या पोराचं म्हणणं तसं खरंच होतं, खाली सगळा पाषाणच आहे. हलला तो पाषाणच.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. एवढ्या तीव्रतेचा भूकंप जपानमध्ये झाला तर एवढी माणसं मरत नाहीत, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संताप आला होता. आमच्या मेलेल्यांवर कुणीतरी ठपका ठेवतंय असं वाटलं. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, हे वाक्य आपण पुरेसं मोठ्याने म्हटलंच नाही.

आत्याच्या जुन्या घराच्या भिंती मला आठवतात. सुट्टीत जायचे तेव्हा खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून बसायचे, इतकी रुंद भिंत. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरं, आणि मध्ये चिपा आणि माती भरलेली. उन्हाळ्यात पाठ टेकली की गारवा अंगात उतरायचा. वर माळवद, लाकडी पाट्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर नवी माती पडायची, चोपून चोपून बसवली जायची. घराची काळजी घेणं म्हणजे काय, तर दरवर्षी छपरावर माती चढवणं. एकेका पिढीने केलेल्या त्या काळजीचं वजन वर साठत गेलं. भिंतीच्या दोन्ही तोंडांना एकत्र धरून ठेवील असा आरपार जाणारा लांब दगड कुठेच नव्हता. तसा दगड घडवायचा तर कष्ट जास्त, पैसा जास्त, आणि शेकडो वर्षांत त्याची गरज कुणाला पडली होती? त्या पहाटे भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, मधली माती सांडली आणि छप्पर खाली आलं. दगड गावाजवळच्याच खाणीतला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, ज्याला आपण पाषाण म्हणून देवपण देतो तोच.

आत्या वाचली ती खणामुळे. तिच्या माजघराचं छप्पर भिंतींवर टेकलेलं नव्हतं, ते सागवानी खांबांवर आणि तुळयांवर होतं. भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या, खांब उभे राहिले. अशी खणाची घरं इतरही गावांमध्ये उभी राहिलेली पाहणी करणाऱ्यांना दिसली. आत्या सांगते, धूळ बसल्यावर पाहिलं तर घराला भिंतीच नव्हत्या, आणि डोक्यावर माळवद जसंच्या तसं. समोरच्या घरात खांब नव्हते. समोरच्या घराबद्दल ती पुढे बोलत नाही.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगते, आणि मला गेरूची पट्टी दिसली की तीच आठवते. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून, जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबरात एक धक्का असा बसला की भिंतींना तडे गेले. लोक अंगणात, खळ्यात झोपायला लागले. मग थंडी पडली. धक्के कमी झाले. बाळंतिणी होत्या, म्हातारी माणसं होती, चोरांची भीती होती. एकेक घर करून माणसं पुन्हा आत झोपायला गेली. "कितीक दिवस बाहेर निजावं, बाई?" आत्या विचारते. मी काय उत्तर देणार? तेव्हाच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. जाणकारांनाही जिथे भीती वाटली नाही तिथे आत्याने थंडीत किती रात्री काढायच्या होत्या? २००२ मध्ये नकाशा बदलला, तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

कोयनेची तऱ्हा याच्या उलट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरणात पाणी साठायला लागल्यावर काही वर्षांतच हे घडलं, आणि धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव पुस्तकांत गेलं. पाण्याचं वजन हा त्यातला एक भाग. दुसरा भाग जास्त बेरकी आहे. पाणी भेगांमधून खोल झिरपतं, खडकाच्या दोन बाजूंमध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं, आणि आधीच ताणाखाली असलेला सांधा सरकतो. ताण भूखंडाचा, निमित्त पाण्याचं. तेव्हापासून तिथली जमीन कधी गप्प बसलेली नाही. धक्के येत राहतात, आणि तेही एका लहानशा टापूत. म्हणून तर शास्त्रज्ञांनी कराडला प्रयोगशाळा थाटली आणि पाटण तालुक्यात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. भूकंप जिथे जन्मतो तिथल्या खडकाजवळ जाऊन त्याला पाहायचं असेल, तर तो पुन्हा कुठे येणार हे आधी ठाऊक हवं. ते ठाऊक असण्याच्या फार थोड्या जागा जगात आहेत, त्यातली एक आपल्या कोयनेत.

पाटणकडची माझी एक मैत्रीण आहे. तिच्या माहेरी धक्का बसला की आधी गॅस बंद करतात, मग लहान मुलांना उचलतात, मग बाहेर. बाहेर उभं राहून, "तीनचा असंल," "न्हाई, साडेतीनचा," असं बोलतात. तिच्या आईला त्यात काही विशेष वाटत नाही. मी आधी याला बेफिकिरी समजत होते. पण त्या घराला आरसीसीचे खांब आहेत, कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत, उशाशी बॅटरी असते. जमीन त्यांना विसरूच देत नाही. किल्लारीच्या जमिनीने आत्याच्या लोकांना वर्षभर सांगितलं आणि मग ती गप्प झाली. या दोन जमिनींपैकी एक निवडायला सांगितली तर मी कोयनेची निवडीन. हे म्हणताना जीव चरकतो, कारण १९६७ ला तिथलीही माणसं गेली. तरी निवडीन.

मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणीकडे सकाळी सकाळी ४.५ चा धक्का बसला, जुलैत पुन्हा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक कितीतरी वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात म्हणून सांगत होते. बातम्यांत त्याला 'गूढ आवाज' म्हणायची पद्धत आहे, त्याने मला फार चीड येते. त्यात गूढ काय आहे? जमिनीखाली खडक आहे, खडकावर ताण आहे, आणि वर दगडमातीची घरं आहेत. बातमीदाराने जाऊन त्या भिंती पाहाव्यात, छपरावर किती माती आहे ते लिहावं. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने दगड ठेवलेले पत्र्याचे छप्पर असलेल्यांना ते दगड काढून घ्यायला सांगितलं, ही एवढीच ओळ मला त्या सगळ्या गदारोळात कामाची वाटली.

दादा आता आत्यासाठी वेगळी खोली बांधतोय. बोअरला पाणी लागलं, तेव्हा काम निघालंच. आत्याला पत्रा हवा आहे, हलका, दगड न ठेवलेला, हुकांनी आवळलेला. दादा म्हणतो उन्हाळ्यात भट्टी होईल. आत्या म्हणते, होऊ दे. मी गवंड्याला कागदावर काढून दिलंय की काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून कुठेही न तुटता फिरला पाहिजे, जोत्याला एक, दार-खिडक्यांच्या वर एक आणि छपराखाली एक. शिवाय कोपऱ्यांत उभ्या सळ्या. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. जोत्याचा तो टाकणारच होता, दारावरचाही कबूल केलाय. छपराखालच्या पट्ट्यावरून मात्र अजून घासाघीस चालू आहे. पत्र्याला कशाला एवढं, ताई, असं तो म्हणतो, आणि मी दर दोन दिवसांनी फोन करते.